एडीएम लावून स्तन पुन्हा घडवल्यावर: ड्रेन, वही आणि पहिले काही आठवडे

कॅन्सरसाठी स्तन काढल्यावर इम्प्लांट किंवा एक्स्पांडर (सलाइन भरून हळूहळू फुगवायची तात्पुरती पिशवी) बसवून तो पुन्हा घडवताना सर्जन पुष्कळदा ‘एडीएम’ वापरतात. एडीएम म्हणजे पेशी काढून टाकलेली त्वचा. ती देहदानातून मिळालेली माणसाची असते, नाहीतर डुकराची किंवा गोवंशाची. उरतो तो कोलॅजनचा पांढरट, ओल्या चामड्यासारखा पातळ तुकडा. इम्प्लांट स्नायूखाली असेल तर हा तुकडा खालच्या बाजूला झोळीसारखा शिवतात. स्नायूवर असेल तर इम्प्लांट त्याने पुढून झाकतात किंवा त्यात गुंडाळतात. कोणत्या प्राण्याची त्वचा आहे, हे ऑपरेशनआधी विचारा. धर्मामुळे किंवा मनाला पटत नाही म्हणून एखादा प्रकार नको असेल तर तेव्हाच स्पष्ट सांगा; सर्जनला ते ऐकायची सवय असते.

या तुकड्याला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. तो वरच्या त्वचेला आतून घट्ट चिकटून राहिला तरच तिथून बारीक रक्तवाहिन्या त्यात शिरतात आणि काही आठवड्यांत तो शरीराचा भाग होतो. मध्ये पाणी साचलं की तो तरंगत राहतो, रुजत नाही, आणि त्या पाण्यात जंतू वाढतात. म्हणून ड्रेन, म्हणजे साचणारं पाणी बाहेर काढणारी नळी, घालतात, आणि घरी आल्यावर सगळ्यात जास्त लक्ष त्या नळीकडेच द्यायचं. तुमच्या सर्जनने लिहून दिलेलं वेगळं असेल तर अर्थातच तेच पाळायचं.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी रोमोव्हॅक प्रकारचा ड्रेन असतो, म्हणजे दाबून चपटा केला की ओढ देणारा घड्यांचा डबा. सकाळी ७ आणि संध्याकाळी ७ अशी वेळ ठरवून घ्या. आधी साबणाने हात धुवा. मग नळी ‘दुहायची’: एका हाताने नळी त्वचेजवळ घट्ट धरा, म्हणजे टाक्यावर ओढ बसणार नाही, दुसऱ्या हाताच्या बोटांत स्पिरिटचा स्वॅब धरून नळी चिमटत डब्यापर्यंत सरकवत आणा. आत रक्ताच्या गाठीचा लांबट दोरा दिसला तर दोन-तीनदा करा. आता नळीचा क्लॅम्प बंद करा, डब्याचं झाकण उघडा आणि पाणी मोजमापाच्या ग्लासात ओता. डब्यावरच्या खुणांवर विसंबू नका. डबा अर्धवट फुगलेला असताना त्या चुकीचं दाखवतात. ग्लास सपाट जागी ठेवून डोळ्यांच्या रेषेत आकडा वाचा. डबा पूर्ण दाबा, दाबलेला असतानाच झाकण लावा आणि शेवटी क्लॅम्प उघडा. क्लॅम्प उघडायला विसरणं ही फार वेळा होणारी चूक आहे. ‘आज पाणीच आलं नाही’ म्हणून घरचे खूश होतात आणि पाणी आत साचत राहतं.

दोन ड्रेन असतील तर दोन्हीचे आकडे वेगळे लिहा. वहीत नोंद अशी दिसली पाहिजे: ‘८वा दिवस, ड्रेन १: सकाळी १८, संध्याकाळी १४, एकूण ३२ मिली, फिकट पिवळं.’ सहसा २४ तासांत ३० मिलीपेक्षा कमी, असं सलग दोन दिवस आलं की ड्रेन काढतात. काही सर्जन २० मिलीची वाट पाहतात. एडीएम असताना ड्रेन दोन आठवडे किंवा त्याहूनही जास्त राहू शकतो. कंटाळून ‘काढून टाका’ असा आग्रह धरू नका.

रंग लाल, मग गुलाबी, मग पिवळसर होत जायला हवा. पिवळं झालेलं पाणी पुन्हा गडद लाल झालं, डबा तासाभरात भरला किंवा छाती एका बाजूने ताणून फुगली, तर लगेच फोन करा, रात्र असली तरी. पाणी अचानक थांबलं आणि सूज वाढली तर नळी तुंबली आहे. डबा दाबूनही लगेच हवेने फुगत असेल तर जोड सैल आहे किंवा नळीचं भोक त्वचेबाहेर आलं आहे. बाहेर आलेली नळी आत ढकलायची नाही.

एडीएमच्या जागी, म्हणजे बहुधा स्तनाच्या खालच्या भागात, लाली येऊ शकते. ताप नाही, दुखणं वाढलेलं नाही, लाली पसरत नाही, अशी असेल तर ती बऱ्याचदा आपोआप ओसरते. पण ते घरी ठरवायचं नाही. लालीच्या कडेने पेनने रेघ काढा, त्याच उजेडात फोटो घ्या आणि दाखवा. रेघेपलीकडे पसरली, जागा गरम लागली, पाणी गढूळ झालं, वास आला किंवा ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला तर त्याच दिवशी जा. ताप पॅरासिटामॉलची गोळी घेण्याआधी मोजा, नंतर तो लपतो.

छातीची त्वचा बधिर असते, म्हणून गरम पाण्याची पिशवी किंवा बर्फ लावू नका. भाजलेलं कळतच नाही, आणि कमी रक्तावर जगणारी ती पातळ त्वचा मग काळी पडते. तंबाखूचंही तसंच. ‘सिगारेट ओढता का?’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणाऱ्या कितीतरी बायका मिश्री लावतात. मिश्रीतलं निकोटीन हिरड्यांतून रक्तात जातं आणि रक्तवाहिन्या आकसतात. ऑपरेशनच्या आधी आणि नंतर किमान ४ आठवडे मिश्री पूर्ण बंद ठेवा आणि लावत असाल तर सर्जनना सांगा. त्यावर एडीएम लावायचं की नाही हेही ठरू शकतं, कारण वरच्या त्वचेचा रक्तपुरवठा कमजोर असेल तर आतला तुकडा रुजत नाही.

कोपर, मनगट, मूठ यांची हालचाल पहिल्या दिवसापासून करा. खांद्याच्या वर हात मात्र ड्रेन निघून परवानगी मिळेपर्यंत नको. त्वचा आणि एडीएम एकमेकांवर घासले की पाणी वाढतं. पुढून उघडणारा गाऊन घाला आणि डबा पिनेने कमरेपाशी अडकवा.

एक्स्पांडर असेल तर जखम भरल्यावर, साधारण २-३ आठवड्यांनी, दर खेपेला ५० ते १०० मिली सलाइन भरतात. बहुतेक एक्स्पांडरच्या तोंडाशी चुंबक असतं. तो आत असताना एमआरआय सांगितला, मग तो गुडघ्याचा का असेना, तर मशीनजवळ जाण्याआधी एक्स्पांडरचं कार्ड दाखवा.

पुढे शरीराने इम्प्लांटभोवती तयार केलेलं व्रणाचं कवच घट्ट होऊन स्तन कडक, वर चढलेला आणि दुखरा झाला, किंवा इम्प्लांट खाली घसरला, तर दुरुस्तीचं ऑपरेशन करतात. कडकपणा ‘बेकर’च्या चार पायऱ्यांत मोजतात: पहिलीत स्तन मऊ, चौथीत कडक आणि दुखरा. तिसऱ्या-चौथ्या पायरीला सहसा ऑपरेशन लागतं. कवच काढून इम्प्लांट बदलतात आणि कधी पुन्हा एडीएमचा आधार देतात. घाई करू नका: सूज उतरून व्रण मऊ व्हायला काही महिने लागतात, रेडिएशन झालं असेल तर आणखी. आणि एडीएम कशासाठी, हे प्रत्येक वेळी विचारा. अमेरिकेत औषधं आणि वैद्यकीय साधनांना मान्यता देणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलं की स्तन पुनर्रचनेसाठी म्हणून त्यांनी कोणत्याही एडीएमला मान्यता दिलेली नाही आणि काही उत्पादनांत गुंतागुंत जास्त दिसते. तुकड्याच्या वेष्टनावरचं कंपनीचं नाव आणि लॉट नंबर असलेलं स्टिकर फाइलमध्ये चिकटवून घ्या, इम्प्लांटचंही.