स्लिमिंग क्लब लावलाय आणि वजन हलत नाही? या चुका टाळा

पैसे भरून वजन कमी करायच्या क्लबात जावं का? जावं, उपयोग होतो. पण जाहिरातीत दिसतो तेवढा होत नाही, आणि जात राहाल तोवरच होतो. या दोन गोष्टी नाव नोंदवताना कुणी सांगत नाही. मग तीन महिन्यांनी माणूस स्वतःलाच दोष देत बाहेर पडतो. त्याचं मला फार वाईट वाटतं, कारण यातल्या बऱ्याच चुका आधी माहीत असतील तर टळतात.

आठवड्यातल्या ठरलेल्या दिवशी जमायचं, वजन करायचं, काय जमलं आणि काय नाही ते बोलायचं, ही पद्धत तशी जुनी आहे. न्यूयॉर्कमध्ये जीन निडेच यांनी घरी मैत्रिणी जमवून ती सुरू केली आणि १९६३ मध्ये त्यातून वेट वॉचर्स ही कंपनी उभी राहिली. ब्रिटनमध्ये १९६९ साली स्लिमिंग वर्ल्ड सुरू झालं. या धंद्याबद्दल कुणाचं काहीही मत असो, त्याची तपासणी बऱ्यापैकी झालेली आहे. त्यामुळे अंदाजाने बोलायची गरज नाही.

जाहिरातीतला आकडा आपला समजू नका

‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो खरे असतात, पण ते निवडक माणसांचे असतात. सरासरी माणसाचं काय होतं ते चाचण्यांत दिसतं. २००३ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात ४२३ जणांची चाचणी छापून आली. निम्मे वेट वॉचर्सच्या बैठकांना गेले. उरलेल्यांना आहारतज्ज्ञाच्या दोन छोट्या भेटी आणि वाचायला साहित्य मिळालं. दोन वर्षांनी क्लबवाल्यांचं वजन सरासरी २.९ किलोने कमी होतं, स्वतःच्या बळावर प्रयत्न करणाऱ्यांचं ०.२ किलोने. २०११ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या चाचणीत ऑस्ट्रेलिया, जर्मनी आणि ब्रिटनमधले ७७२ जण होते. वर्षभरात क्लबात गेलेल्यांचं सुमारे ५ किलो उतरलं, दवाखान्यातला नेहमीचा सल्ला घेणाऱ्यांचं सुमारे सव्वादोन किलो. या दोन्ही चाचण्यांना पैसा वेट वॉचर्सचाच होता, हे वाचकाला माहीत असायला हवं. पण इतरांनी केलेल्या तपासण्यांचा कौलही साधारण त्याच दिशेचा आहे: फायदा आहे आणि तो माफक आहे.

अमेरिकेत जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनने २००९ मध्ये आपली मार्गदर्शक तत्त्वं बदलली. त्याआधी वीस-पंचवीस किलो उतरवलेल्या माणसाच्या फोटोखाली ‘सर्वांना असाच परिणाम मिळेल असं नाही’ अशी बारीक ओळ टाकली की भागायचं. आता साधारण माणसाला काय मिळतं ते स्पष्ट सांगणं अपेक्षित आहे. तुमच्या क्लबालाही हाच प्रश्न विचारा: वर्षापूर्वी नाव नोंदवलेल्या सगळ्यांचं, मधेच सोडून गेलेल्यांसकट, सरासरी किती उतरलं? टिकून राहिलेल्यांचाच आकडा मिळाला, तर तो फुगलेला आहे असं समजा.

चार-पाच किलो ऐकून हिरमुसू नका. टाइप २ मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांवर अमेरिकेत मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. आहार आणि व्यायाम बदललेल्या गटाचं वजन सरासरी साडेपाच किलोच्या आसपासच उतरलं होतं, तरी त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. आरशात फारसा न दिसणारा फरक शरीराला पुरेसा कळतो.

पहिल्या पंधरवड्यावर हिशेब बांधू नका

खाणं कमी केलं की शरीर आधी साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे यकृतात आणि स्नायूंत असलेला साखरेचा साठा वापरतं, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी असतं. सुरुवातीला झपाट्याने उतरतं त्यात या पाण्याचा वाटा मोठा असतो. टाळ्या पडतात, आनंद होतो, ठीक आहे. फक्त त्याच वेगाने पुढचे सहा महिने मोजू नका. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वेग मंदावला की ‘माझ्यावर हे चालत नाही’ म्हणून सोडणारे खूप असतात, आणि ते नेमके चरबी उतरायला लागल्यावर सोडतात.

वजन करायचा दिवस परीक्षेचा करू नका

ही चूक मला सगळ्यात घातक वाटते, कारण ती मेहनती माणसं करतात. बैठकीच्या आदल्या रात्री जेवण टाळायचं. सकाळपासून पाण्याचा घोट नाही. कपाटातले सगळ्यात हलके कपडे. काट्यासमोर रांगेत उभं राहून पट्टा, घड्याळ, कानातलं काढून पिशवीत टाकायचं. मग काट्यावर पाय, श्वास रोखलेला, आणि आकडा खाली आला की हायसं वाटायचं. बाहेर पडल्यावर दिवसभराची भूक एकदम उसळते आणि ‘आता पुढचा आठवडा आहेच’ म्हणून जे खाल्लं जातं, ते रविवारपर्यंत सावरता येत नाही.

असं केलं की काटा आदल्या दिवसाचा उपास मोजतो, आठवडा मोजतच नाही. पाणी, मीठ, बद्धकोष्ठता, पाळीचे दिवस, नव्याने सुरू केलेला व्यायाम, यांनी वजन एक-दोन किलो सहज वरखाली होतं. आठवड्यात खरी चरबी अर्धा किलो उतरली असेल तर ती या हेलकाव्यात दिसणारसुद्धा नाही.

म्हणून बैठकीच्या दिवशी नेहमीसारखं खा, प्या. घरी काटा असेल तर सकाळी उठून, संडासला जाऊन आल्यावर वजन करा आणि लिहून ठेवा. एका आठवड्याची तुलना मागच्या आठवड्याशी करू नका. चार आठवड्यांची सरासरी आधीच्या चार आठवड्यांच्या सरासरीशी ताडून पाहा. आकड्याने दिवस खराब होत असेल तर गटप्रमुखाला तसं सांगा आणि आकडा मोठ्याने वाचू नका म्हणा. चांगला गटप्रमुख ऐकतो.

आणि वजन वाढलेल्या आठवड्यात बैठक बुडवू नका. एक बैठक शरमेने चुकते, दुसरी पहिली चुकली म्हणून, आणि तिसऱ्या वेळी जायचं धाडसच होत नाही. क्लब सुटतो तो बहुतेक असाच. खरं तर त्या आठवड्यातच तिथली माणसं तुमच्या उपयोगी पडतात, कारण त्यांच्यातल्या प्रत्येकाने तो आठवडा भोगलेला असतो.

‘मोकळ्या’ पदार्थांची पळवाट

बहुतेक क्लब कॅलरी मोजायला न लावता पदार्थांना गुण देतात, किंवा काही पदार्थ हवे तेवढे खायची मुभा देतात. सोय चांगली आहे. पण ‘शून्य गुण’ म्हणजे शून्य कॅलरी नव्हे. पोट भरणारे पदार्थ लोक फार खाणार नाहीत, या गृहीतकावर ही मुभा उभी असते. भूक नसतानाही तेच खात राहिलं की गणित कोलमडतं.

वजन अडलं आणि ‘मी सगळं नियमाने करतोय’ असं मनापासून वाटत असेल, तर १९९२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेला एक छोटा अभ्यास आठवावा. कितीही कमी खाल्लं तरी वजन उतरत नाही असं सांगणाऱ्या माणसांचा खरा ऊर्जाखर्च प्रयोगशाळेच्या पद्धतीने मोजला. तो जवळपास सामान्यच निघाला. मात्र आपलं खाणं ते सरासरी ४७ टक्क्यांनी कमी सांगत होते आणि हालचाल ५१ टक्क्यांनी जास्त. ती माणसं लबाड नव्हती. अंदाज चुकणं हा सगळ्यांचाच स्वभाव आहे.

उपाय कंटाळवाणा आहे, पण लागू पडतो. एक आठवडा, फक्त एकच, सगळं स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून लिहा. बाटलीतून सरळ कढईत ओतलेलं तेल, चव बघायला घेतलेले घास, मुलांच्या ताटातलं उरलेलं, चहातली साखर, शनिवार-रविवार. अडलेलं वजन बहुतेक वेळा या यादीतच सापडतं. क्लबाचे तयार शेक आणि बार मात्र यात काही भर घालत नाहीत. ते विकत घेतले नाहीत म्हणून कुणाचं वजन अडत नाही.

बारा आठवडे झाले, काम झालं?

इथे जरा थांबून वाचा. बहुतेकांचे पैसे आणि कष्ट इथेच वाया जातात.

ब्रिटनमध्ये १,२६७ जणांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. एका गटाला छोटा सल्ला आणि पुस्तिका, दुसऱ्याला १२ आठवडे क्लब, तिसऱ्याला ५२ आठवडे क्लब. वर्षअखेरीस पहिल्या गटाचं ३.२६ किलो उतरलेलं होतं, दुसऱ्याचं ४.७५ आणि तिसऱ्याचं ६.७६. क्लब तोच, बैठका त्याच, फरक फक्त किती काळ गेले याचा. आणि दोन वर्षांनी पाहिलं तर सगळ्याच गटांत काही वजन परत चढलं होतं.

परत चढतं याला मनाचा कमकुवतपणा म्हणू नका. वजन उतरलं की लहान झालेल्या शरीराला ऊर्जा कमी लागते आणि भूक मात्र वाढते. एका अमेरिकी टीव्ही स्पर्धेत प्रचंड वजन उतरवलेल्या १४ जणांची सहा वर्षांनी तपासणी झाली, तेव्हा विश्रांतीच्या स्थितीतही त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. ते टोकाचं उदाहरण आहे, पण दिशा सगळ्यांसाठी तीच. वजन उतरवणाऱ्या नव्या इंजेक्शनांचंही वेगळं नाही. त्यातलं सेमाग्लुटाइड हे औषध थांबवल्यावर उतरलेल्या वजनातलं सुमारे दोन तृतीयांश वर्षभरात परत आल्याचं नोंदलं गेलं आहे.

म्हणून नाव नोंदवतानाच वर्षाचा खर्च मांडा. पहिल्या तीन महिन्यांची सवलत पाहून भुलू नका. तेराव्या आठवड्यापासून फी किती, ठरवलेलं वजन गाठल्यावर कमी दरात किंवा फुकट यायची सोय आहे का, एखादा महिना थांबून परत येता येतं का, हे लिहून घ्या. वर्षभर परवडणार नसेल तर बारा आठवडे ओळीने संपवू नका. चालत असेल तर पुढच्या बैठका पंधरा दिवसांवर न्या. क्लब सुटल्यावरही घरचं वजन आणि खाण्याची नोंद सोडू नका. आणि एक आकडा आधीच ठरवा: उतरलेल्या वजनापेक्षा दोन किलो वर गेलं की परत क्लबात जायचं, दहा किलो चढेपर्यंत वाट पाहायची नाही.

कुठला क्लब?

ब्रिटनमधल्या बर्मिंगहॅममध्ये ७४० जणांना वेगवेगळ्या कार्यक्रमांत वाटून पाहिलं होतं. त्यात वेट वॉचर्स, स्लिमिंग वर्ल्ड, रोझमेरी कॉनली यांचे गट होते आणि दवाखान्यातला व औषधाच्या दुकानातला एकेकट्याचा सल्लाही होता. तुलनेसाठी एका गटाला नुसती व्यायामकेंद्राची मोफत कुपनं दिली होती. २०११ मध्ये निष्कर्ष आले. एका वर्षानंतर या कुपनवाल्या गटापेक्षा ठळक फरक फक्त वेट वॉचर्सच्या गटात उरला होता. दवाखान्यातला सल्ला क्लबांपेक्षा महागही पडला आणि कमी उपयोगीही ठरला. तरी माझं मत असं की नावापेक्षा वेळ आणि अंतर बघा. जिथे थकलेल्या संध्याकाळीही जाता येईल तोच तुमचा क्लब. आणि पहिली तारीख आजच पक्की करा. २०१६ च्या एका ब्रिटिश चाचणीत डॉक्टरांनी अर्ध्या मिनिटात गटाचं नाव सुचवून तिथल्या तिथे वेळ ठरवून दिली, तर जावंसं वाटणाऱ्यांपैकी बरेच खरोखर गेले. वर्षभराने त्यांच्या गटाचं सरासरी वजन २.४३ किलोने उतरलेलं होतं, नुसता सल्ला मिळालेल्यांचं १.०४ किलोने.

डॉक्टरांना न सांगता सुरुवात करू नका

गटप्रमुख बहुतेकदा स्वतः वजन उतरवलेला आणि कंपनीने प्रशिक्षण दिलेला माणूस असतो, आहारतज्ज्ञ नसतो. तुमच्या गोळ्यांबद्दल त्याला विचारू नका. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या चालू असताना खाणं अचानक घटलं तर साखर धोकादायक उतरू शकते. रक्तदाबाचा डोस तोच राहिला तर चक्कर येऊ शकते. फार झपाट्याने वजन उतरलं तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. गरोदर असाल, किंवा पूर्वी उपासमार, ओकाऱ्या काढणं, अधाशीपणाने खाणं असा त्रास झाला असेल, तर क्लबाची वाट डॉक्टरांशी बोलल्याशिवाय धरूच नका.

तीन महिने न चुकता गेलात, आठवडाभर सगळं मोजूनही पाहिलं आणि तरी काटा जागचा हलला नाही, तर पुढचे पैसे भरण्याआधी औषधांची यादी घेऊन डॉक्टरांकडे जा. स्टेरॉइड, काही मानसोपचाराची औषधं आणि इन्सुलिन यांनी वजन वाढतं. थायरॉइड मंदावलेलं असू शकतं, बायकांमध्ये पीसीओएस हा संप्रेरकांचा विकार असू शकतो. काही औषधांना पर्यायही असतात, पण ती स्वतःहून बंद करू नका. आणि बैठकीहून घरी येताना दर वेळी अपमान झाल्यासारखं वाटत असेल, किंवा त्या रात्री लपून खाल्लं जात असेल, तर तो क्लब सोडा. उरलेली फी मागा. मिळाली नाही तरी सोडा.