फिश टँक धुतल्यावर हाताला गाठ आली? मग हे करा

टँक धुताना बोटाला खरचटलं, विसरून गेलात, आणि २-४ आठवड्यांनी तिथंच लालसर-जांभळी गाठ आली, फारशी दुखत नाही पण मलमानं जातही नाही, मग हळूहळू हातावर वर एका रांगेत अजून गाठी, असं असेल तर मायकोबॅक्टेरियम मरिनम असू शकतो, टीबीच्या जंतूचा चुलतभाऊच म्हणा ना. स्किनच्या डॉक्टरकडे जा आणि आधी सांगा की घरी टँक आहे, हेच सांगायचं राहतं आणि महिने वाया जातात. बायोप्सी (गाठीचा छोटा तुकडा तपासायला) घेतली तर डॉक्टरांना म्हणा, लॅबला कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघायची तपासणी, ३० डिग्रीच्या आसपास ठेवायला सांगा, ३७ ला हा नीट वाढत नाही, आणि रिपोर्टला ६ आठवडेही लागू शकतात. अँटिबायोटिकच्या पाच दिवसांच्या कोर्सनं काही होत नाही, बऱ्याचदा क्लॅरिथ्रोमायसिनसोबत इथॅम्ब्युटॉल किंवा रिफॅम्पिसिन देतात, तेही ३-४ महिने, गाठ गेली तरी पुढे १-२ महिने चालूच. मनानं स्टेरॉइड क्रीम फासू नका प्लीज. बोट सुजून वाकेना झालं तर लगेच दाखवा, टेंडनपर्यंत (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीपर्यंत) गेलं असेल तर ऑपरेशनही लागतं. आणि हो, टँकमध्ये हात घालताना लांब ग्लोव्हज.