पक्कड निवडताना या चुका टाळा: दुखणं जबड्यात नाही, दांड्यात असतं

पंधरा-वीस मिनिटं तारा वळून झाल्या की एकदा आपला तळहात बघा. मधोमध लाल ठसा उमटला असेल तर पक्कड आखूड आहे. बोटांवर आडवे वळ असतील तर दोष मुठीवरच्या खाचांचा. विकत घेताना आपण जबड्याचे दाते आणि धार न्याहाळतो, पण दिवसभर हातात असतात ते दांडे.

आखूड पक्कड ही सगळ्यात नेहमीची चूक. सहा इंची खिशात मावते, म्हणून तीच उचलली जाते. जोर लावला की दांड्यांची टोकं तळव्याच्या मऊ भागात रुततात. दांडा किमान १० सेंमी हवा, हात रुंद असेल तर त्याहून जास्त. घेण्याआधी मुठीत धरून बघा: टोकं तळहाताच्या कडेबाहेर थोडी डोकावली पाहिजेत.

मग दांड्यांमधली फाक. जोराच्या कामाला ती मिटल्यावर साधारण ५ सेंमीपेक्षा कमी नको आणि उघडल्यावर ९ सेंमीपेक्षा जास्त नको. फार फाकली तर बोटं पुरत नाहीत. फार मिटली तर मूठ वळते, पण जोर लागत नाही. बारीक कामाच्या निपरला, म्हणजे तार कापायच्या छोट्या पकडीला, याहून कमी फाक चालते.

बोटांसाठी खाचा असलेली मूठ दिसायला छान. पण त्या खाचा कुणाच्या बोटांच्या मापाच्या? तुमच्या नसतील तर उंचवटे नेमके बोटांवर येतात. सपाट, किंचित फुगीर मूठ बरी.

जुन्या पकडीवर मी एकदा सायकलच्या ट्यूबचे तुकडे चढवले होते. दोन दिवस बरं वाटलं, मग ते घसरायला लागले आणि पकड टिकवायला उलट जास्त दाबावं लागलं. अशा कव्हरला, किंवा साध्या प्लॅस्टिकच्या मुठीलाही, विजेपासूनचं संरक्षण समजू नका. त्यासाठी पकडीवर १००० व्होल्ट आणि दुहेरी त्रिकोणाची खूण असते. ती असली तरी आधी मेन स्विच बंदच करायचा.

पक्कड उघडायला दुसरा हात लागतोय? नवी आणायची घाई नको. रिवेटवर, म्हणजे दोन्ही दांडे जोडणाऱ्या मधल्या खिळीवर, तेलाचा एक थेंब टाका, वीस-पंचवीस वेळा उघडझाप करा, बाहेर आलेला मळ पुसा. सतत कापाकापी असेल तर स्प्रिंगवाली घ्या, बोटांचं उघडण्याचं काम वाचतं. वस्तू बराच वेळ दाबून धरायची असेल तर मात्र स्प्रिंग नको, तिच्याविरुद्धही जोर लावावा लागतो.

तार टोकाशी कापू नका, पात्याच्या आत, रिवेटजवळ घ्या; तिथे कमी जोरात तुटते. आणि नट पकडीने फिरवत असाल तर मनगटही दुखेल, नटाचे कोपरेही झिजतील. तिथे पानाच हवा.