बक्षीस देण्याआधी काय बघायचं: शाळेतला आणि हिंगण्यातला अनुभव

बी.एड.ची किंवा एम.बी.ए.ची मुलं भेटली की हटकून विचारतात, माणूस असं का वागतो ते सांगणारे मानसशास्त्रज्ञ स्किनर, मॅस्लो, हर्झबर्ग पाठ झाले, पण नोकरीत यांचं करायचं काय? मी आधी दक्षिण नागपुरातल्या एका शाळेत मराठी शिकवलं, आता हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ट्रेनिंगचं काम बघते. दोन्हीकडे मला उपयोगी पडली ती एकच सवय. माणूस एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा करत असेल, तर ती केल्यावर लगेच त्याच्या पदरात काय पडतं किंवा त्याच्या डोक्यावरचं काय टळतं, ते आधी बघायचं. बक्षीस, शिक्षा आणि भाषण, तिन्ही नंतर.

सातवीतला एक मुलगा होता. प्रकट वाचन सुरू झालं आणि पाळी दोन बाकांवर आली की हा शेजाऱ्याला पट्टी तरी मारणार, नाहीतर कंपास तरी खाली पाडणार. शिक्षक म्हणायचे, "चल, बाहेर उभा राहा." आणि हा निवांत बाहेर! स्टाफरूममधला इलाज ठरलेला होता: "दोन ठेवून द्या, सुधारेल." (शिक्षण हक्क कायदा, 2009, कलम 17 प्रमाणे शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई आहे, हे मुलाखतीतही विचारतात. लक्षात ठेवा.)

अशा वेळी वहीत तीन रकाने आखा: आधी काय झालं, त्याने काय केलं, लगेच नंतर काय झालं. आठवडाभर नुसतं लिहा, मत नोंदवू नका. या मुलाच्या पानावर चित्र स्पष्ट होतं. गणिताला शांत, चित्रकलेला शांत, फक्त मोठ्याने वाचायची वेळ आली की गोंधळ, आणि प्रत्येक वेळी शेवट एकच, वाचन टळलं. जोडाक्षरं अडतात आणि मागची मुलं हसतात, एवढंच त्याचं दुखणं. आपण शिक्षा म्हणून त्याला बाहेर काढत होतो आणि त्याच्यासाठी ती सुटका होती. पुस्तकात याला ऋण प्रबलन म्हणतात: नकोशी गोष्ट दूर झाल्यामुळे वागणं पक्कं होतं. परीक्षेत बरेच जण इथे शिक्षेचं उदाहरण लिहून येतात. शिक्षेने वागणं कमी व्हायला हवं, इथे तर ते रोज वाढत होतं.

उपाय दोन बाजूंनी केला. उद्याचा परिच्छेद त्याला आजच द्यायचा, दोनच ओळी, त्याही जोडीदाराबरोबर. आणि काहीही झालं तरी बाहेर काढायचं नाही. नव्या शिक्षकांचा धीर नेमका इथेच सुटतो, कारण सुटकेची वाट बंद झाली की सुरुवातीला गोंधळ आधीपेक्षा वाढतो. पट्टीच्या जागी डबा येतो. त्या दिवसांत कंटाळून एकदा जरी "जा बे बाहेर" म्हटलं, तर मूल शिकतं की जास्त जोर लावला की काम होतं. फर्स्टर आणि स्किनर यांनी 1957 साली प्रबलनाच्या वेळापत्रकांवर (वागण्याचं फळ कधी आणि किती वेळा मिळतं यावर) जो ग्रंथ काढला, त्यातला व्यवहाराचा भाग हाच: अधूनमधून मिळणाऱ्या फळावर टिकलेलं वागणं मोडायला फार चिवट असतं. ठरवलं तर शेवटपर्यंत निभवा. निभत नसेल तर हात घालू नका.

कारखान्यात हीच वही कामी आली. थोडक्यात हुकलेल्या अपघाताला शॉप फ्लोअरवर निअर मिस म्हणतात. तेल सांडलं, पाय घसरला, पण लागलं नाही, असं. त्याची नोंद झाली तर पुढचा खरा अपघात टळतो. आमच्याकडे नोंदी जवळपास शून्य, आणि नोंद करणाऱ्याला गिफ्ट व्हाउचर द्यावं असं मॅनेजमेंटच्या मनात होतं. म्हटलं, आधी नोंद केल्यावर काय होतं ते बघू. फॉर्म चार पानी, शिफ्ट सुटल्यावर भरायचा. एक ऑपरेटर म्हणाला, "फॉर्म भरत बसलो तर बस सुटते ना मॅडम. मंग पायी जाऊ काय सक्करदऱ्याले?" वर सुपरवायझरचा पहिला प्रश्न, "तू तिथे काय करत होता?" आणि भिंतीवर 'अपघात शून्य' असलेल्या विभागाला दर महिन्याला मिठाई. म्हणजे बोलणाऱ्याची बस जाणार, बोलणी खावी लागणार, आणि सगळ्यांची संत्रा बर्फीही बुडणार. गप्प राहणं हेच शहाणपण होतं.

व्हाउचर राहिलं बाजूला. चार पानांची तीन ओळींची चिठ्ठी झाली, ती शिफ्टमध्येच पाण्याच्या कूलरजवळच्या डब्यात टाकायची. दुसऱ्या दिवशीच्या टूलबॉक्स टॉकमध्ये, म्हणजे काम सुरू करण्याआधीच्या छोट्या सुरक्षा बैठकीत, कालच्या चिठ्ठीचं काय केलं ते सांगायचं. प्रेसखाली तेल गळतं, अशी चिठ्ठी आली आणि सकाळी तिथे ट्रे दिसला. लिहिणाऱ्याला तेवढं पुरलं. मग डाळ पातळ आहे, पंखा वाजतो, अशाही चिठ्ठ्या आल्या. येऊ द्याव्यात. लोक लिहायला लागले हे महत्त्वाचं.

हर्झबर्ग मला मे महिन्यात पटला. शेडमधला डेझर्ट कूलर बंद, बाहेर पारा पंचेचाळीसच्या आसपास, आणि एसी हॉलमध्ये 'कामावर प्रेम करा' हे व्याख्यान. हर्झबर्गचं 1959 चं संशोधन पिट्सबर्गच्या अभियंते आणि हिशेबनिसांवरचं होतं, त्यावर पुढे टीकाही झाली, पण एक गोष्ट शेडमध्ये लागू पडते: कूलर दुरुस्त केल्याने कोणी झपाटून काम करत नाही, फक्त कुरकुर थांबते. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. तरी कूलर आधी, व्याख्यान मागून. मॅस्लोबद्दल एवढंच, की त्याच्या 1943 च्या मूळ लेखात तो गरजांचा प्रसिद्ध पिरॅमिड नाही. पेपरात काढावाच लागतो, काढा.

बक्षिसांबद्दल मात्र सावध राहा. 1973 साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी मुळातच चित्रं काढायला आवडणारी बालवाडीतली मुलं निवडली. काहींना चित्र काढलं तर प्रमाणपत्र मिळेल असं आधीच सांगितलं. पुढे मोकळ्या वेळात हीच मुलं चित्रांकडे कमी वळली. अचानक प्रमाणपत्र मिळालेल्यांचं तसं झालं नाही. म्हणून वाचनपेटीतली पुस्तकं हौसेने नेणाऱ्या मुलीला स्टिकरचं आमिष दाखवू नये. पाढ्यांसारख्या रुक्ष कामाला छोटं बक्षीस चालतं, तिथे मुळात हौस नसतेच, मग बिघडणार काय? शब्दांनी कौतुक करा, पण 'हुशार आहेस' यापेक्षा 'जोडाक्षर तोडून वाचलंस, त्यामुळे जमलं' असं नेमकं सांगा.

मुलाखतीत सिद्धांत विचारला तर व्याख्या एका वाक्यात उरका आणि छात्रसेवाकाळातलं (इंटर्नशिपमधलं) एक उदाहरण त्या तीन रकान्यांत सांगा. बहुतेक उमेदवार व्याख्येवरच थांबतात.

आणि कारखान्यात वही उघडण्याआधी सुपरवायझरला आणि युनियनच्या माणसाला भेटा, काय लिहिणार ते दाखवा, नावं लिहायची नाहीत हे कबूल करा. कोणीतरी मशिनीपाशी उभं राहून लिहितंय म्हटलं की लोकांना वाटतं टाइम स्टडी, म्हणजे कामाला किती वेळ लागतो त्याची मोजणी, चालू आहे, टार्गेट वाढणार. मग तुम्हाला दिसतं ते त्यांचं रोजचं काम नसतं.