उसळीवर लिंबू, आणि चहा तासाभराने

दूध-दही, अंडी सोडून फक्त धान्य, कडधान्य, भाज्या आणि फळांवर राहायचं ठरवलं, की पहिला प्रश्न प्रोटीनचा येतो. खरं तर लोहाकडे जास्त लक्ष द्यायला हवं. मटकी, चवळी, हरभरा यांत लोह असतं, पण त्यांतल्या फायटिक आम्लामुळे ते शरीरात नीट शोषलं जात नाही. मटकी सकाळी भिजत घाला, रात्री उपसून ओल्या फडक्यात बांधून ठेवा. दुसऱ्या दिवशी मोड येतात आणि हे आम्ल बरंच कमी होतं.

उसळ ताटात वाढल्यावर वरून अर्धं लिंबू पिळा. उकळत्या रश्श्यात नको, कारण उष्णतेने क जीवनसत्त्व कमी होतं आणि लोह शोषायला तेच मदत करतं. सोबत बाजरीची भाकरी आणि कच्चा कांदा. जेवल्याजेवल्या चहा मात्र टाळा, त्यातलं टॅनिन लोह अडवतं. तासभर थांबा. (आमच्या घरी हेच सगळ्यात जड गेलं!)

बी-१२ जीवनसत्त्व मात्र कितीही उसळी खाल्ल्या तरी मिळत नाही. त्यासाठी डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावीच लागते.