माळ्यावर मोडी कागद सापडले तर काय करायचं

वाडा पाडायला देण्याआधी माळा, फडताळं, जुन्या ट्रंका एकदा नीट बघा, कारण मोडी या जुन्या लिपीतल्या कागदांचं बोचकं तिथेच कुठेतरी असतं आणि रद्दीत गेलं की गेलंच. सापडलं तर बोचक्याची गाठ लगेच सोडू नका, आधी आहे तसा फोटो काढा, कुठला कागद कशाखाली होता हेही महत्त्वाचं असतं. मग मऊ कोरड्या ब्रशने हलक्या हाताने धूळ काढा. घडी कडक असेल तर जबरदस्ती नको, कागद घडीवरच तुटतो. आमच्या आजोळच्या पेटीतल्या एका कागदाची कसरीने पार चाळणी केली होती, शाई मात्र अजून काळीभोर! ओलसर असेल तर सावलीत टिपकागदावर वाळवा, उन्हात नाही. आणि प्लीज, सेलोटेप नको, लॅमिनेशन तर अजिबातच नको, नंतर ते काढता येत नाही. नंबर टाकायचा तर पेन्सिलने, कोपऱ्यात. शेवटी धुतलेल्या सुती कापडात बांधून ठेवा, जुन्या दफ्तरांचे रुमाल, म्हणजे कागद बांधायची कापडं, असेच असतात. इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव फिरून घराघरातून असेच कागद गोळा केले, १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं केलं. मोडी वाचता येत नसेल तर तिथे विचारा.