पद्मिनी गाडीचे मागचे बुश बदलण्याआधी

आधी बुश, म्हणजे मागच्या कमानपाट्यांच्या (पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या) टोकांत बसणारी रबरं, खरंच गेलेत का ते बघा. स्पीडब्रेकरवर मागून 'खट्' वाजलं की आपण बुशवर खापर फोडतो, पण शॉकअपची रबरंही हुबेहूब तशीच वाजतात. गाडी चाकांवर उभी असताना शॅकलच्या (कमानीचं मागचं टोक बॉडीला जोडणाऱ्या झुलत्या दुव्याच्या) बाजूला छोटी पहार घालून रेटा द्या. रबर एका बाजूला बसलंय, लोखंडाला लोखंड लागतंय, खाली काळा भुगा पडतोय, तर गेलेच. १९६४ ची फियाट डिलाइट असो की नंतरची पद्मिनी, मागे कमानपाटेच आहेत, त्यामुळे दोन्ही बाजू एकदमच करायच्या.

पुण्यात नाना पेठेत सुटे भाग घ्यायला जाताना व्हर्निअर (जाडी मोजायची पट्टी) खिशात ठेवा आणि बोल्टची जाडी, बुशमधल्या लोखंडी नळीची लांबी कागदावर लिहून न्या. 'फियाटचाच आहे' म्हणून मिळालेला बुश अर्ध्या मिलिमीटरने सैल निघाला की दिवस गेलाच. बुशबरोबर कमान अ‍ॅक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट आणि नटही नवेच घ्या. जुने ताणलेले असतात.

खरी मेख बोल्टात. कमानीच्या पुढच्या टोकाचा बोल्ट बुशच्या आतल्या नळीत गंजून एकजीव होतो. म्हणून काम रविवारी असेल तर गुरुवारपासून रोज रात्री तारेच्या ब्रशने घासून गंज सोडवणारं तेल मारत राहा. तरीही अडला तर कापायचा, म्हणून बदली बोल्ट आणि दोन-चार हेक्सा ब्लेड जवळ हवीतच. रबर गॅसने जाळून काढायचा सल्ला कोणीतरी देईलच. पेट्रोलची टाकी मागेच आहे, एवढं त्याला सांगा. नवा बुश हातोड्याने ठोकण्यापेक्षा लांब बोल्ट, दोन जाड वॉशर आणि बाहेरून बुशएवढी मोठी पान्याची गोटी (सॉकेट) घेऊन ओढून बसवा. वंगण म्हणून साबणाचं पाणी; ग्रीसने रबर फुगतं.

दोन जॅक, दोन भक्कम घोड्या (गाडी पेलणारे स्टँड), पुढच्या चाकांना दगड. घोड्या बॉडीखाली, अ‍ॅक्सल वेगळ्या जॅकवर. अ‍ॅक्सल लोंबकळला की ब्रेकचा होज ताणला जातो. तेवढ्या भागाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, परत जोडताना बरं पडतं.

आणि हे मी स्वतः चुकलेलो आहे: पहिल्या वेळी गाडी हवेत असतानाच सगळे नट आवळले आणि चार महिन्यांत नवे बुश फाटले. रबर नळीला चिकटलेलं असतं, ते फिरत नाही, पिळवटतं. हवेत आवळलं की गाडी जमिनीवर आल्यापासून कायम पिळलेलंच राहतं. म्हणून नट हाताने बसवा, चाकं टेकवा, डिकी दोनदा दाबून सोडा, मगच गाडीखाली शिरून आवळा. त्यासाठी खाली लोळायला जुनी सतरंजी आणि आखूड पाना लागतो, तो आधीच बाहेर काढून ठेवा. शंभरेक किलोमीटर चालवून यू-बोल्ट पुन्हा तपासा. सोमवारच्या ऑफिसची सोय मात्र दुसऱ्या गाडीने.